चार डॉलरचं पत्र

मार्चच्या शेवटी आम्ही इथे नेब्रास्कातच कर्नीला गेलो होतो, प्लॅट नदीवर क्रेन पक्षी उतरतात ते बघायला. पहाटे थंडीत कुडकुडत उभं राहून त्या लाखो पक्ष्यांचा कालवा ऐकला आणि परत ओमाहाला निघालो. येताना नवऱ्याला कॉफी हवी होती, मला नुसते पाय मोकळे करायचे होते, म्हणून यॉर्कच्या आसपास हायवे सोडून एका छोट्या गावात शिरलो. मेन स्ट्रीटवर एकच दुकान उघडं होतं, जुन्या वस्तूंचं. आत तो ठरलेला वास, रॉकेलचे कंदील, जुन्या रजया, दमट लाकूड, सगळं मिसळून येतो तसा. काउंटरवर बुटाच्या खोक्यात पत्रं उभी लावून ठेवलेली आणि खोक्याला चिठ्ठी चिकटवलेली, कुठलंही घ्या, चार डॉलर. मी आपली चाळत बसले. बरीचशी मागच्या शतकातली, ख्रिसमसची कार्डं, लग्नाची आमंत्रणं वगैरे. मधेच एक निराळा कागद हाताला लागला, पातळ, निळ्या रेघांचा, शाई तपकिरी पडलेली. घड्या घालघालून तळहाताएवढा केलेला, आणि प्रत्येक घडीवर एक काळपट रेघ, जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे चक्क भोक. उलगडला तर वाचताच येईना, कारण पान भरल्यावर ते आडवं फिरवून त्याच अक्षरांवरून पुन्हा लिहिलं होतं, अख्खं पान म्हणजे अक्षरांची जाळी. वरच्या कोपऱ्यात तेवढं लागलं, आयोवा, फेब्रुवारी १८६३, आणि खाली 'डिअर ब्रदर'. शेवटची सही घडीत गेलेली.

दुकानातली आजी म्हणाली, "याचं पाकीट नाहीये गं. पाकिटावर तिकीट असतं ना, ते जमवणारे लोक पाकिटं घेऊन जातात. नुसतं पत्र कोणी घेत नाही, आणि हे तर वाचताही येत नाही." तिने ते अगदी मायेने सांगितलं, फसवायचं नाही म्हणून. मीही विचार केला, वाचताच येत नाही ते घेऊन करू काय, आणि घडी घालून परत खोक्यात ठेवलं. बाहेर आलो, कॉफी घेतली, निघालो.

ओमाहा येईपर्यंत मी फारसं बोललेच नाही.

मला या पत्रांचा नाद लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्नानंतर इथे डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा काम करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, बाहेर गुडघाभर बर्फ. दिवसभर करायचं काय, तर लायब्ररीच्या वेबसाइटवर जुन्या पत्रांचे स्कॅन वाचत बसायचे, अमेरिकेत १८६१ ते १८६५ उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध झालं, त्यातल्या शिपायांची पत्रं. सुरुवातीला इंग्रजी सुधारेल म्हणून. पण त्या पत्रांतलं इंग्रजी सुधारण्यासारखं नव्हतंच, शेतकऱ्यांची पोरं ती, ओहायोची, इंडियानाची, आयोवाची, बोलतात तसं लिहिणारी, कानाला येईल ते स्पेलिंग, पूर्णविराम नावाची गोष्टच नाही. मला ती मोठ्याने वाचावी लागायची, वाचली की बोलणं ऐकू यायचं. रिकाम्या अपार्टमेंटमध्ये मी दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा पोराचं बोलणं स्वतःच्या आवाजात ऐकत बसायचे, आणि खरं सांगते, त्या पहिल्या हिवाळ्यात मला त्याची फार सोबत झाली.

सुरुवात बहुतेकांची एकच. लेखणी हाती घेऊन कळवतो की मी खुशाल आहे आणि हे चार शब्द पोचतील तेव्हा तुम्हीही खुशाल असाल अशी आशा करतो. शंभर पत्रं काढा, त्यातल्या कितीतरींत हे वाक्य जवळपास असंच. मी पहिल्यांदा वाचलं आणि हसूच आलं, कारण हे तर आपलं 'इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवत जावे'! आमच्याकडे शाळेत पत्रलेखनाला मार्क असायचे, साष्टांग नमस्कार, वि. वि., पत्रास कारण की, लहानांस आशीर्वाद, सगळं पाठ. तेव्हा ते पोकळ वाटायचं. आता वाटतं, ज्याला आयुष्यात कधी पत्र लिहायची वेळच आली नाही, ज्याची सगळी माणसं हाकेच्या अंतरावर, तो एकदम पाचशे मैलांवर चिखलात बसून मांडीवर पाठपिशवी ठेवून पेन्सिलीने लिहायला लागला तर सुरुवात करणार कशी? ते ठरलेलं वाक्य म्हणजे उंबरठा, तो ओलांडला की पुढचं सुचतं. आणि त्या वाक्यातच खरी बातमी असायची. मी खुशाल आहे, म्हणजे जिवंत आहे. त्या युद्धात जेवढे गोळीने मेले त्याच्या जवळपास दुप्पट रोगाने मेले, हगवण, टायफॉइड, गोवर. तेव्हा खुशाल हा शब्द लिहिणाऱ्यालाही जपूनच लिहावा लागत असणार.

त्यांच्या पत्रांचा व्यवहारही मला आवडतो, म्हणजे पत्र जायचं कसं ते. घरी पत्र पाठवायला तीन सेंटचं तिकीट. छावणीत तिकिटं मिळायची मारामार, खिशात ठेवली तर घामाने एकमेकांना चिकटून जायची, म्हणून १८६१ च्या जुलैत काँग्रेसने सोय केली की शिपायाने पाकिटावर 'सोल्जर्स लेटर' लिहून तिकिटाशिवाय टाकावं, पैसे घरच्यांनी भरावेत. आणि घर म्हणजे दारात पोस्टमन येतोय असं नाही, पत्र आलंय का ते बघायला ऑफिसात जायचं, रांग लावायची. क्लीव्हलंडच्या पोस्टात जोसेफ ब्रिग्ज नावाचा एक माणूस होता, त्याने १८६२ च्या हिवाळ्यात बायकांची ती रांग बघितली, कुडकुडत उभ्या, आणि त्याला ते बघवेना. घरपोच पत्रं द्यावीत म्हणून झटलेल्यांत त्याचं नाव घेतात. १ जुलै १८६३ पासून ४९ शहरांत पत्रं फुकट घरपोच द्यायला लागले. ती तारीख नीट बघितली तर अंगावर काटा येतो, त्याच दिवशी गेटिसबर्गची लढाई सुरू झाली, त्या युद्धातली फार रक्तपाताची. त्या ४९ शहरांतल्या किती दारांवर पोस्टमनने आणलेल्या पहिल्या काही पत्रांत तीच बातमी असेल. दक्षिणेकडे तर कागदच संपला होता, लोक आलेलं पाकीट उसवून, उलटं करून, परत चिकटवून वापरायचे, भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाची पाकिटं करायचे. एका बाजूला गुलाबाची फुलं, दुसऱ्या बाजूला पत्ता. ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा हातच राहिला नव्हता त्यांच्यासाठी दुसरं कुणी लिहायचं. वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या दवाखान्यांमधून कागद, पाकिटं, तिकिटं घेऊन खाटेखाटेपाशी बसायचा आणि पोरं सांगतील ते त्यांच्या आयांना लिहायचा. एवढा मोठा कवी, आणि त्या वेळी त्याचं काम काय, तर खुशाली उतरवून घ्यायची.

पण पत्रांत असायचं काय? युद्ध फार कमी. डुकरं किती पौंडांची झाली, घोडी विकू नको, लाल गाय आटली का, मक्याला भाव काय, अमक्याचे उसने दोन डॉलर परत कर, मोजे पाठव, माझं जुनं जाकीट धाकट्याला दे. मी सुरुवातीला ही पानं भराभर पुढे ढकलायचे, लढाईचं कधी येतंय म्हणून. मग हळूहळू लक्षात आलं की खरी गोष्ट त्या गायीतच आहे. पहिल्या वर्षी नवरा हुकूम सोडत असतो, हे विक, ते ठेव, अमक्याला विचारल्याशिवाय काही करू नको. दुसऱ्या वर्षी तो विचारायला लागतो, तुला काय वाटतं? आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बरेच जण एवढंच लिहितात की तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे मधल्या काळात त्या बाईने नांगर धरला, सावकाराशी वाद घातला, घोडी विकली आणि बहुतेक चांगल्या भावाने विकली, हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्या पत्रातून. तिच्या नाही.

कारण तिची पत्रं नाहीतच.

हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं आणि मग डोक्यातून जाईना. शिपायाची पत्रं घरी यायची, घरी ट्रंक असायची, कपाट असायचं, जपणारी बाई असायची. घरची पत्रं मात्र जायची छावणीत. तिथे पाऊस, चिखल, रोज वीस मैल चालणं, पाठीवर किती ओझं घेणार? आणि लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीपाशी बसून पोरं ती जाळून टाकायची, उद्या आपण पडलो तर आपल्या बायकोचं पत्र शत्रूच्या हाती लागून त्यांनी मोठमोठ्याने वाचत हसायला नको. किती तरी जण लिहितात, तुझी पत्रं आज जाळली, माफ कर, जाळायच्या आधी सगळी परत एकदा वाचली. त्यामुळे आज आपल्या हाती जे आहे ते फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं आहे, एकच बाजू ऐकू येते. 'हो का? मग काय म्हणाला डॉक्टर? रडू नको.' पलीकडची काय बोलली, ते नाही.

माझ्या आजीच्या ट्रंकेत अशीच एक बाजू होती. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. त्यांची पत्रं आजीने एका जुन्या खणात बांधून ठेवली होती, पातळ कागद, सेन्सॉरचा शिक्का, आणि दर पत्रात तेच, मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असावे, बैलाची काळजी घेणे. आजीला वाचता येत नव्हतं. माण तालुक्यातलं आमचं गाव, माळवदाची घरं, पोस्टमन आठवड्यातून एकदा, पत्र आलं की ती पदराखाली धरून शाळेत मास्तरांकडे जायची आणि मास्तर पोरांना पाढे म्हणायला लावून ते वाचून दाखवायचे. उत्तरही त्यांनीच लिहायचं. मी तिला एकदा विचारलं होतं, आज्जी, तू काय गं लिहायला सांगायचीस? तर म्हणाली, "काय सांगनार? चार मान्सांत, मास्तरासमूर? म्हनलं, त्यास्नी ल्हिवा, म्हस येली. रेडी झाली. बास." मग जरा थांबून म्हणाली, "त्यास्नी समजायचं." आजोबांनी तिची ती पत्रं परत आणली नाहीत. कुठे गेली, त्यांनाही सांगता आलं नाही. म्हैस व्याली एवढंच इटलीत पोचलं आणि तिथेच राहिलं.

बायकांची जी पत्रं उरली त्यातली काही कशी उरली हे कळलं की त्रास होतो. मिसूरीत मार्था ग्लोव्हर नावाची एक गुलाम बाई होती. तिचा नवरा रिचर्ड १८६३ मध्ये पळून जाऊन युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत भरती झाला. मिसूरी हे युनियनमध्ये राहिलेलं राज्य, त्यामुळे फक्त बंडखोर राज्यांपुरत्या असलेल्या लिंकनच्या जाहीरनाम्याने तिथल्या गुलामांना मुक्ती मिळाली नव्हती. नवरा शिपाई झाला की त्याला स्वातंत्र्य, बायकापोरं मात्र मालकाच्याच दावणीला, आणि नवरा पळाल्याचा मालकाचा राग त्यांच्यावर. ३० डिसेंबर १८६३ ला मार्थाने त्याला पत्र लिहिलं. त्यात देशासाठी लढ वगैरे काही नाही. ती सांगते की तू गेल्यापासून नुसता त्रास आहे, परवाच मला बेदम मारलं, तू गेलास म्हणून हे मला छळतात, मला अशा अवस्थेत टाकून जायला नको होतंस, ही एवढी लहान लहान पोरं माझ्या गळ्यात. आणि त्याच पत्रात हेही की पोरं सारखी तुझं नाव काढतात, रजा मिळाली तर एकदा येऊन भेटून जा. राग आणि ओढ एकाच श्वासात. नवऱ्यावर असं रागवायला केवढा हक्काचा जीव लागतो, आणि ज्या बाईला कायद्याने स्वतःच्या पोरांवरही हक्क नव्हता ती हे लिहितेय. ते पत्र उरलं ते कुणाच्या ट्रंकेत नाही, लष्कराच्या दप्तरात.

स्पॉट्सवुड राइसचंही तसंच. तोही मिसूरीचा, तंबाखूच्या कामातला, शिपाई झालेला. ३ सप्टेंबर १८६४ ला सेंट लुईच्या बेंटन बराकीतल्या हॉस्पिटलमधून त्याने आपल्या मुलींना लिहिलं, सुरुवात तीच, लेखणी हाती घेऊन तुम्हाला चार ओळी लिहितो, आणि लगेच पुढे, मी तुम्हाला विसरलेलो नाही. जीव गेला तरी चालेल, पण तुम्हाला घेऊन येईन. धीर धरा. त्याच सुमाराला दुसरं पत्र त्याने मुलीच्या मालकिणीला लिहिलं, किटी डिग्ज तिचं नाव. तिला सांगितलं की माझं लेकरू जितके दिवस अडवून ठेवाल तितके दिवस जास्त नरकात जळाल. मी ते वाचलं तेव्हा उठून उभीच राहिले होते. मालकिणीच्या भावाने चिडून दोन्ही पत्रं जनरलकडे पाठवली, या माणसाला राज्यातून हाकला म्हणून, आणि म्हणूनच ती टिकली. बापाने लेकींना लिहिलेलं पत्र तक्रारीचा पुरावा म्हणून फाइलीला लागलं. मात्र त्यातली मेरी मोठी झाली, म्हातारी झाली, आणि १९३७ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, सेंट लुईमध्ये तिने आपल्या आठवणी सांगितल्या, त्यात ती म्हणते की माझा बाप, भाऊ, नवरा, मुलगा सगळे फौजेतले आणि हक्कासाठी लढणारा माणूस मला आवडतो. हे मला कितीदाही वाचलं तरी पुरत नाही.

आणि मग इकडचे, आमच्या नेब्रास्काचे. युद्ध संपल्यावर ती पोरं घरी गेली आणि त्यातली कितीतरी परत निघाली, पश्चिमेला, जमिनीसाठी. १८६२ चा होमस्टेड कायदा, १६० एकर, थोडी फी भरायची आणि पाच वर्षं कसून दाखवायची. १८७२ मध्ये आणखी सवलत आली, युनियनच्या फौजेत जितका काळ काढला तितका त्या पाच वर्षांतून वजा. म्हणजे छावणीतल्या चिखलाची पुढे माळरानात वजावट मिळाली. युराया ऑब्लिंगर असाच, इंडियानाचा, फौजेत जाऊन आलेला. १८७२ च्या शरदात बायको मॅटी आणि लहानगी एला यांना तिच्या माहेरी ठेवून तो इथे फिलमोर काउंटीत आला, म्हणजे मी ज्या गावात थांबले होते तिथून हाकेच्या अंतरावर. पहिला हिवाळा पत्रांवर काढला. पुढच्या मे महिन्यात ती आली आणि जूनमध्ये तिने माहेरी भावाला लिहिलं. इथे लाकूड नाही, दगड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापून त्या विटांसारख्या रचून केलेलं घर, सॉड हाउस. आपल्याकडचं माळवद ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पाऊस थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राहणार. मॅटी लिहिते की तुम्हाला वाटत असेल आम्ही मातीच्या घरात हालात राहतोय, पण खरंच सांगते, इतकी मजेत मी कधीच नव्हते. आणि ते नव्याची नवलाई म्हणून नाही, तर आम्ही आमच्या स्वतःच्या जागेत आहोत, पुढच्या वसंतात घर बदलायचा घोर नाही, आणि मारतो तो प्रत्येक घाव स्वतःसाठी, निम्मा दुसऱ्यासाठी नाही. दुसऱ्याचं शेत निम्म्या वाट्याने करणाऱ्या घरात ज्याने दिवस काढलेत त्यालाच ते 'निम्मा' कळेल. पुढच्याच वर्षी टोळ आले, १८७४ चे टोळ, आभाळ काळं करून आले आणि शेतंच्या शेतं फस्त करून गेले. तरी ही मंडळी राहिली. १८८० मध्ये मॅटी बाळंतपणात गेली, तीन मुली मागे ठेवून. तिची पत्रं माहेरच्यांनी जपली म्हणून ती आपल्याला आहे. सरहद्दीवर हे उलटं झालं, बाई स्वतःच लांब गेली म्हणून तिची बाजू उरली.

मला मॅटी फार जवळची वाटते, आणि तरी तिचं ते 'स्वतःची जागा' वाचताना मधेच ठेचकाळायला होतं. ही जागा इथल्या मूळच्या, पॉनी लोकांची होती. ती घरात पडदे लावत होती त्याच दोन-तीन वर्षांत उरलेल्या पॉनींना नेब्रास्कातून दक्षिणेला, इंडियन टेरिटरीत जावं लागलं. आणि ज्या १८६२ साली जमीन वाटायचा कायदा झाला त्याच साली वर मिनेसोटात तिथल्या मूळच्या डकोटा लोकांचं सरकारशी युद्ध झालं, कराराने ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत, पोटाला अन्न नाही, त्यातून भडकलेलं. ३०३ जणांना फाशी सुनावली, लिंकनने यादी कमी केली, तरी २६ डिसेंबरला मँकॅटोत ३८ जणांना एकाच वेळी फासावर दिलं. उरलेले कैदी आयोवात डेव्हनपोर्टला नेले, त्यांच्या बायकापोरांना भलतीकडे, क्रो क्रीकला. तुरुंगात ही माणसं मिशनऱ्यांनी बसवलेल्या लिपीत आपलीच भाषा लिहायला शिकली. कशासाठी शिकली असतील? पत्रासाठीच. त्यांनी मिशनऱ्यांना लिहिलं, नातेवाइकांना लिहिलं, आणि त्यांतली काही पत्रं राहिली, अलीकडे डकोटा वडीलधाऱ्यांनीच बसून ती इंग्रजीत आणली. त्यात काय आहे? अमका जिवंत आहे का. तमकीचं काय झालं. आमचे लोक उपाशी आहेत असं ऐकलं, खरं का. १८६६ मध्ये त्यांना सोडलं आणि कुटुंबांबरोबर आणलं कुठे, तर नेब्रास्कातच, वर नायोब्रारा नदीपाशी. मॅटीचं पत्र आणि यांचं पत्र मी एका आठवड्यात वाचलं होतं. दोन्ही मला खरी वाटतात, दोन्हींवर माझा जीव आहे, आणि एकाने दुसरं पुसता येत नाही. मीही शेवटी याच मातीवर घराचे हप्ते भरतेय.

तर त्या दिवशी क्रेन बघून आल्यावर रात्री मी भांडी घासत होते आणि एकदम हात थांबला. आयोवा, फेब्रुवारी १८६३, डिअर ब्रदर. म्हणजे ते पत्र शिपायाचं नव्हतंच! घरून आलेलं होतं. बहीण लिहितेय, भावाला, जो घरी नाही, आणि त्या वर्षी आयोवाचा पोरगा घरी नाही म्हणजे बहुतेक कुठे असणार हे सांगायला नको. कागद वाचवायला तिने पान फिरवून लिहिलं. आणि ते घड्या घालून तळहाताएवढं केलेलं, घड्यांवर काळ्या रेघा, छेदांवर भोकं. ट्रंकेत पडून असलेल्या पत्राला अशी भोकं पडत नाहीत. हे खिशात होतं. हे कुणीतरी रोज काढून वाचत होतं आणि परत तसंच घालत होतं, आणि जाळायची वेळ आली तेव्हा जाळलं नाही. माझ्या हातात ती हरवलेली बाजू होती आणि मी चार डॉलर वाचवून कॉफी प्यायले.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं मग जा की परत. तुझ्या आज्जीचं असतं तर ठेवून आली असतीस का?"

पुढच्या शनिवारी एकटीच गेले, दीड-दोन तासांचा रस्ता. रस्त्याकडेच्या मक्याच्या शेतांत अजून मागच्या सालचे धसकट उभे, क्रेन बहुतेक उडून गेलेले. खोकं तिथेच होतं. पत्रही, मी ठेवलं त्याच जागी. दुकानातल्या आजीने ते बटरपेपरमध्ये गुंडाळून दिलं आणि म्हणाली, आडव्या ओळी वाचताना उभ्या ओळींकडे बघायचंच नाही, माझी आई सांगायची, डोळ्यांना सवय होते.

सवय होतेय. रोज रात्री जेवणं झाली की टेबलावर दिवा ओढून भिंग घेऊन बसते. एका ओळीला कधी पाऊण तास लागतो. आत्तापर्यंत उभ्या ओळी जवळजवळ सगळ्या लागल्यात, आडव्यांपैकी सहा. आईच्या छातीतलं दुखणं कमी आहे. बर्फ कुंपणाच्या वर गेलंय. त्याने मागितलेले हातमोजे शेजारच्या कुणाबरोबर पाठवलेत, मिळाले का ते लिही. मग एक भोक आहे, तिथे एक शब्द गेलाय, आणि भोकाच्या पलीकडे, आडव्या सहाव्या ओळीत, पांढऱ्या गायीला वासरू झालंय, कालवड आहे, तिचं नाव तू आल्यावर ठेवू.

तिथपर्यंत आलेय. काल वाचून झाल्यावर दिवा बंद करायच्या आधी ते त्याच्याच घड्यांवरून परत घातलं. आपोआप मिटत जातं, जोर लावावा लागत नाही. माझ्या तळहातात बसलं.